माजलगावच्या ओव्यांचे ध्वनिमुद्रण

१

लोकगीताची संहिता लिहून घेतली आणि ती छापली, म्हणजे ते गीत जतन झाले, अशी समजूत मराठी लोकसाहित्याच्या अभ्यासात दीर्घकाळ रूढ होती. ही समजूत सर्वस्वी चुकीची होती असे नव्हे. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये ओव्या संकलित केल्या, कमलाबाई देशपांडे यांनी स्त्रीगीतांना ‘अपौरुषेय वाङ्मय’ हे अर्थपूर्ण नाव दिले, दुर्गा भागवत यांनी ‘लोकसाहित्याची रूपरेखा’ या ग्रंथात या विषयाच्या शास्त्रीय अभ्यासाची चौकट आखून दिली, आणि सरोजिनी बाबर यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीने अनेक संकलने सिद्ध केली. या परिश्रमांवाचून आज ओवीविषयी काही बोलणेही अशक्य झाले असते. तथापि या सर्व संकलनांत ओवी कागदावर आली ती आपला स्वर, आपले जाते आणि पुष्कळदा आपली गायिका मागे ठेवून आली, ही गोष्टही तितकीच खरी आहे.

छापील ओवी आणि गायिलेली ओवी यांतील हे अंतर ज्या सामग्रीमुळे आज मोजता येते, तिच्यात बीड जिल्ह्यातील माजलगाव येथील ध्वनिमुद्रणांना विशेष स्थान आहे. माजलगाव हे सिंदफणा नदीकाठचे तालुक्याचे गाव. तेथील भीमनगर या वस्तीतील स्त्रियांनी गायिलेल्या ओव्यांचे ध्वनिमुद्रण १९९६ मध्ये करण्यात आले. या ओव्यांचा मोठा भाग डॉ. बाबासाहेब आंबेडकर, रमाबाई आणि बुद्ध यांच्याविषयी आहे. या मुद्रणांतून ओवीच्या स्वरूपाविषयी नेमके काय कळते आणि त्यांचा अभ्यास करताना कोणते भान ठेवले पाहिजे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

२

प्रथम या मुद्रणांची पूर्वपीठिका पाहणे अगत्याचे आहे. मूळ फ्रान्सचे असलेले आणि पुढे भारताचे नागरिकत्व स्वीकारलेले गी प्वातव्हँ (१९३४–२००४) आणि त्यांच्या सहकारी हेमा राईरकर यांनी पुण्यातून ग्रामीण कष्टकऱ्यांमध्ये काम करीत असता जात्यावरच्या ओव्यांच्या संकलनास आरंभ केला. मुळशी तालुक्यातील डोंगरी भागात सुरू झालेले हे काम हळूहळू महाराष्ट्राच्या अनेक जिल्ह्यांत पसरले. गावोगावच्या कार्यकर्त्यांच्या साह्याने हजाराहून अधिक गावांतील तीन हजारांवर गायिकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या त्यांनी मिळविल्या. या सामग्रीवर आधारलेले ‘इंडियन पेझंट विमेन स्पीक अप’ (१९९३) आणि ‘स्टोनमिल अँड भक्ती’ (१९९६) हे त्यांचे इंग्रजी ग्रंथ अभ्यासकांस परिचित आहेत.

या संकलनास ध्वनीची जोड मिळाली ती १९९० नंतरच्या दशकात. संगीताच्या संगणकीय विश्लेषणाचे अभ्यासक बर्नार्ड बेल या कामात सहभागी झाले. त्यांनी ओव्यांच्या वर्गीकृत नोंदींचा संगणकीय संग्रह उभा केला आणि शंभर तासांहून अधिक गायन मुद्रित केले. १९८२ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या आणि पुढे दिल्ली व गुडगाव येथे गेलेल्या लोकसंगीतविषयक अभिलेखागाराशी या मुद्रणांचा संबंध आला. त्यानंतर ती फ्रान्समधील एक्स-आं-प्रोव्हान्स येथील ध्वनिसंग्रहातही ठेवण्यात आली. २०१७ पासून ‘पारी’, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया, या संस्थेने निवडक ओव्या ध्वनी, संहिता, अनुवाद आणि गायिकांचा परिचय यांसह क्रमाने प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. माजलगावच्या ओव्या सर्वसामान्य वाचक-श्रोत्यांपर्यंत पोहोचल्या त्या याच मार्गाने.

३

ध्वनिमुद्रणाचे महत्त्व समजण्यासाठी जात्याचे काम डोळ्यांसमोर आणावे लागते. खालची दगडी तळी स्थिर असते. वरची तळी खुंटा धरून फिरवावयाची असते. मधल्या तोंडात एका हाताने मूठमूठ दाण्यांची वैरण घालावयाची आणि दुसऱ्या हाताने जाते ओढीत राहावयाचे, असा हा व्यवहार. दळण जड असेल तर दोघी समोरासमोर बसून एकच खुंटा धरतात. मराठवाड्यात रोजच्या भाकरीची ज्वारी पहाटे दळली जाई आणि मोठ्या कुटुंबात हे काम काही तास चाले. जात्याचे दात झिजले म्हणजे त्याला टाकी लावून घ्यावी लागे. टाकी लावलेल्या जात्याचा आवाज आणि बोथटलेल्या जात्याचा आवाज यांतील फरक दळणाऱ्या बाईच्या कानाला अचूक कळे.

या कामातून ओवीच्या गायनाला दोन गोष्टी मिळतात. पहिली म्हणजे सलग घरघर. शास्त्रीय संगीतात तंबोऱ्याचे जे कार्य, त्याच्याशी तिचे काही अंशी साम्य आहे: आवाजाला ती एक अखंड पार्श्वभूमी देते. दुसरी म्हणजे आवर्तनाची गती. ही गती घड्याळाच्या लंबकाची नव्हे. वैरण घालताना ती किंचित मंदावते, दाणे दगडाखाली आले की जड होते, पीठ पडू लागले की मोकळी होते. ओवीचा श्वास या गतीशी जुळवून घेतलेला असतो. जाते हे तांत्रिक अर्थाने वाद्य नाही. पण ज्या गायनाला दुसरे कोणतेही वाद्य नाही, त्याच्या दृष्टीने वाद्याचे काम तेच करते.

म्हणून कोणतेही मुद्रण ऐकताना पहिला प्रश्न विचारावयाचा तो हा की, गायनाच्या वेळी जाते फिरत होते की नव्हते. जात्याविना गायिलेली ओवी खोटी ठरत नाही. मात्र तिच्यातील विराम, लांबवलेले स्वर आणि गती यांवरून काढलेले अनुमान दळताना म्हटलेल्या ओवीला जसेच्या तसे लागू करता येणार नाही.

४

ग्रांथिक ओवी आणि जात्यावरची ओवी यांचे नाते हा जुन्या चर्चेचा विषय आहे. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’त महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात असा उल्लेख आहे. म्हणजे ग्रंथकारांनी ओवी हाती घेण्यापूर्वी ती स्त्रियांच्या श्रमात रुजलेली होती. बीड जिल्ह्यातच अंबाजोगाईला मुकुंदराजांची समाधी दाखविली जाते आणि दासोपंतांचे प्रचंड लेखनकार्य तेथेच झाले. जवळच्या गंगाखेडशी जनाबाईचे नाव निगडित आहे आणि जनाबाईच्या जात्याला विठ्ठलाने हात लावला, ही कथा मराठी मनात खोल रुजली आहे. ग्रंथातील ओवी आणि जात्यावरील ओवी या दोन्ही परंपरा या भूभागात शतकानुशतके शेजारी नांदल्या. एकीच्या पोथ्या झाल्या. दुसरी ऐकली गेली आणि विरून गेली.

छापील संकलनांत जात्यावरची ओवी बहुधा दोन ओळींची दिसते. प्रत्येक ओळीचे दोन खंड आणि ओळींच्या अंती यमक, अशी तिची बांधणी असते. ध्वनिमुद्रणात मात्र ही दोन ओळींची रचना क्वचितच त्या क्रमाने ऐकू येते. पहिल्या ओळीच्या खंडांना ‘क’ व ‘ख’ आणि दुसरीच्या खंडांना ‘ग’ व ‘घ’ म्हटले, तर गायिका प्रथम ‘क-ख’ म्हणते, सोबतीण ते उचलते, मग ‘ख’ची पुनरावृत्ती होते, तिला ‘ग’ जोडला जातो आणि ‘घ’ पुढच्या आवर्तनापर्यंत राखून ठेवला जातो, अशा प्रकारची मांडणी संभवते. मध्ये ‘बाई’, ‘गं’, ‘सांगते’ यांसारखे शब्द येतात. लिहून घेणाऱ्याने हे शब्द पादपूरक समजून गाळले तर अर्थाची हानी होत नाही. परंतु गायनात चालीचे सांधे याच शब्दांवर तोललेले असतात. ते काढले की उरतो तो ओवीचा आशय. तिचा देह नव्हे.

चालीसाठी या स्त्रिया ‘गळा’ हा शब्द योजतात, हेही लक्षणीय आहे. एका गळ्यावर असंख्य ओव्या म्हणता येतात आणि एकच ओवी दोन गावांत दोन निराळ्या गळ्यांवर ऐकावयास मिळते. याचा अर्थ असा की, शब्द आणि चाल यांचे नाते येथे एका गीताला एक चाल असे जखडलेले नाही. गायिकेजवळ गळ्यांचा एक संच असतो, खंडांचा एक साठा असतो आणि प्रत्यक्ष दळताना त्यांची जुळणी होते. मिलमन पॅरी यांनी १९३३ ते १९३५ या काळात युगोस्लाव्हियातील कथागायकांचे गायन मुद्रित केले. त्यांचे शिष्य आल्बर्ट लॉर्ड यांनी १९६० मध्ये ‘द सिंगर ऑफ टेल्स’ या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, मौखिक कवी पाठ केलेली संहिता म्हणत नाही, तर तयार सूत्रांच्या आधारे गाता गाताच रचना करतो. ओवी ही दीर्घ कथाकाव्य नव्हे. तरीही तिच्या पहिल्या खंडात रूढ सूत्र आणि दुसऱ्या ओळीत नवे सुचलेले काही, अशी जी घडण वारंवार आढळते, तिचा विचार या दृष्टीने करता येण्याजोगा आहे. परंतु त्यासाठी संहिता पुरेशी नाही. एकाच ओवीची अनेक मुद्रणे शेजारी ठेवून ऐकावी लागतील.

५

माजलगावच्या मुद्रणांचे खरे वैशिष्ट्य त्यांच्या विषयात आहे. ओव्या देवाला, आईला, भावाला, लेकराला वाहिलेल्या असतात. पहिली ओवी अमक्याला, दुसरी तमक्याला, अशी क्रमाने ओव्या वाहण्याची रीत सर्व महाराष्ट्रात आहे. भीमनगरच्या स्त्रियांनी हीच रीत कायम ठेवून देवतांच्या जागी बुद्ध आणि भीमराव यांना ओव्या वाहिल्या. नात्यागोत्याची जी भाषा ओवीने शतकानुशतके घडविली, तीच भाषा एका घटनाकाराविषयी आणि त्याच्या पत्नीविषयी त्यांनी वापरली. ज्या परंपरेला देवघर आणि माहेर एवढेच विश्व आहे असे मानले जाई, तिने राजकीय व सामाजिक परिवर्तन किती सहजपणे आपल्या चाकोरीत सामावून घेतले, हे येथे स्पष्ट दिसते.

यामुळे कालनिर्णयाचा प्रश्नही निराळ्या रीतीने सुटतो. ओवीला ‘अपौरुषेय’ म्हटले की तिला काळ नाही, कर्ता नाही, असे आपोआप गृहीत धरले जाते. परंतु आंबेडकरांविषयीची ओवी विसाव्या शतकापूर्वीची असू शकत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे झालेल्या धर्मांतरानंतर या समाजातील घराघरांत बुद्धवंदना पोहोचली. तेव्हा ज्या ओवीत बुद्धाला वंदन आहे, ती सामान्यतः त्या दिवसानंतरची मानावी लागते. म्हणजे १९९६ मध्ये मुद्रित झालेल्या या ओव्यांचा एक भाग फार तर चाळीस वर्षांपूर्वीचा होता. त्या ज्यांनी रचल्या त्यांपैकी काही जणी मुद्रणाच्या वेळी समोर बसून गात असण्याचा संभव नाकारता येत नाही. ओवीची परंपरा आठवणीत गोठून गेली नव्हती, तर काल-परवापर्यंत निर्मितिक्षम होती, असा निष्कर्ष यातून निघतो.

या काळाला मराठवाड्याच्या इतिहासाचीही पार्श्वभूमी आहे. १९४८ पर्यंत बीड हा हैदराबाद संस्थानाचा भाग होता. १९५० मध्ये औरंगाबाद येथे मिलिंद महाविद्यालयाची स्थापना झाली आणि १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठाची. या विद्यापीठास बाबासाहेबांचे नाव द्यावे असा ठराव १९७८ मध्ये झाला, तेव्हा मराठवाड्यातील अनेक गावांत दलितांवर अत्याचार झाले. नामविस्तार प्रत्यक्षात आला तो १४ जानेवारी १९९४ रोजी. भीमनगरचे मुद्रण त्यानंतर दोनच वर्षांनी झाले. ज्या नावासाठी या प्रदेशातील वस्त्यांनी सोसले, ते नाव त्या वस्त्यांतील स्त्रिया जात्यावरच्या ओवीत घेत होत्या; आणि तेही घोषणा म्हणून नव्हे, तर घरातल्या माणसाचे घ्यावे तसे. सभांची इतिवृत्ते आणि वृत्तपत्रे यांत न सापडणारा हा पुरावा आहे.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. आंबेडकरी विचार गाण्यातून पसरविण्याचे मोठे काम जलशांनी केले. भीमराव कर्डक आणि त्यांच्यानंतर वामनदादा कर्डक यांच्यासारख्या शाहीर-कवींनी रचलेली गाणी जनसमुदायापुढे गायिली गेली आणि पुढे ध्वनिफितींवरून खेडोपाडी वाजू लागली. जलशातील गीत श्रोत्यांसाठी असते. त्याला मंच असतो, साथीला वाद्ये असतात, दाद असते. ओवीला यांतले काहीही नव्हते. ती पहाटेच्या अंधारात, स्वतःशी किंवा समोर बसलेल्या एका सोबतिणीशी म्हटली जाई. विषय एकच असला तरी एक सार्वजनिक वाणी आहे आणि दुसरी खासगी. म्हणून माजलगावच्या ओव्यांना सरसकट ‘भीमगीते’ म्हणून जलशांच्या रांगेत बसविणे शास्त्रीय दृष्ट्या योग्य ठरणार नाही.

६

येथेच ध्वनिमुद्रणाच्या मर्यादेचा प्रश्न उपस्थित होतो. ज्या गायनाला श्रोता नव्हता, त्याला मुद्रणाने प्रथमच श्रोता दिला. या बदलाचे परिणाम कोणते होऊ शकतात, हे पाहण्यासाठी आयर्लंडमधील लोकसंगीताचे उदाहरण उद्‌बोधक आहे. आयर्लंडमधील जिग, रील इत्यादी धुना मुळात नाचणाऱ्यांसाठी होत्या. स्वयंपाकघरात किंवा चव्हाट्यावर एकदोघे वादक वाजवीत आणि बाकीचे नाचत. अमेरिकेत गेलेला स्लायगो परगण्यातील फिडलवादक मायकेल कोलमन याच्या तबकड्या १९२० नंतर न्यूयॉर्कमध्ये निघाल्या आणि परत आयर्लंडमध्ये पोहोचल्या. त्या इतक्या लोकप्रिय झाल्या की इतर परगण्यांतील वादकही त्याचे अनुकरण करू लागले आणि स्थानिक वादनशैलींना त्याची झळ लागली. पुढे १९६० च्या सुमारास शॉन ओ रिआडा यांनी पारंपरिक वादकांचा मेळ घालून त्यांचे सामूहिक वादन सभागृहात आणले. त्यांच्याच मंडळीतील पॅडी मोलोनी यांनी १९६२ मध्ये ‘द चीफटन्स’ हा वादकसमूह स्थापन केला आणि ‘क्लॅडा रेकॉर्ड्स’ने त्याची पहिली ध्वनिमुद्रिका काढली. पाइप, फिडल, बासरी, पत्र्याची शिटीवजा बासरी आणि बोध्रान नावाचे डफासारखे चर्मवाद्य यांवर वाजणाऱ्या त्याच जुन्या धुना आता बसून ऐकण्याच्या झाल्या. नृत्य बाजूला राहिले. संगीत टिकले, एवढेच नव्हे तर जगभर पसरले.

या उदाहरणातून दोन गोष्टी ध्यानात येतात. मुद्रणामुळे परंपरा वाचू शकते, ही पहिली. मुद्रित झालेला एक पाठ प्रमाण ठरून उरलेले अनेक पाठ झाकोळले जाऊ शकतात, ही दुसरी. आयर्लंडमध्ये वादकांची नवी पिढी तयार होती. म्हणून मुद्रिका हा परंपरेचा शेवट ठरला नाही. जात्याची स्थिती निराळी आहे. विजेवर चालणारी पिठाची गिरणी गावोगाव आली आणि पहाटेचे दळण संपले. बाईचे ते कष्ट संपले याबद्दल खंत करण्याचे कारण नाही. त्या कष्टांविषयीची तक्रार खुद्द ओव्यांतच भरपूर आहे. पण काम गेल्यावर त्या कामाचे गाणे शिकण्याची जागाही गेली. आज जाते उरले आहे ते मुख्यतः लग्नघरी हळदीच्या वेळी पूजेपुरते. त्या प्रसंगी चार ओव्या म्हटल्या जातात. नवी ओवी रचली जाण्यास मात्र पूर्वीसारखा रोजचा अवसर नाही. अशा स्थितीत माजलगावचे मुद्रण हेच यापुढे माजलगावची ओवी समजले जाण्याचा धोका आहे. ते एका दिवसाचे, एका बैठकीचे, पाहुण्यांसमोर झालेले गायन आहे. परंपरेची संपूर्ण संहिता नव्हे. हा विवेक सुटला तर छापील संकलनांच्या वेळी जी चूक झाली तीच ध्वनीच्या बाबतीत पुन्हा होईल.

७

या मुद्रणांमुळे झालेला आणखी एक लाभ अखेरीस नोंदविला पाहिजे. जुन्या संकलनांत ओवी सामान्यतः निनावी असते. माजलगावच्या मुद्रणांत प्रत्येक ओवीसोबत गायिकेचे नाव, गाव आणि समाज यांची नोंद आहे. २०१७ मध्ये गायिकांची पुन्हा भेट घेऊन ती नोंद वाढविण्यातही आली. ‘अपौरुषेय’ या शब्दातील गौरव मान्य करूनही असे म्हणावे लागते की, त्या शब्दाने कष्टकरी स्त्रीचे कर्तृत्व तिच्याकडून काढून समाज नावाच्या अमूर्त वस्तूकडे सोपविले. ध्वनिमुद्रणाने ते कर्तृत्व परत तिच्या नावावर चढविले आहे. दलित स्त्रीच्या बाबतीत, जिच्या शब्दाची नोंद ठेवणारे कागद मुळातच थोडे, या गोष्टीचे मूल्य विशेष आहे.

अभ्यासकांपुढील कामे यावरून सरळ दिसतात. एकाच ओवीच्या छापील आणि मुद्रित पाठांची तुलना करणे. गाळलेले शब्द परत बसवून गायनक्रमानुसार संहिता तयार करणे. माजलगावच्या गळ्यांची गेवराई, केज, अंबाजोगाई, परळी या तालुक्यांतील गळ्यांशी तुलना करून जिल्ह्याचा स्वरनकाशा आखणे. आणि ज्या वयोवृद्ध स्त्रियांना दळणाची प्रत्यक्ष आठवण आहे, त्यांचे गायन शक्य तेथे फिरत्या जात्यासह मुद्रित करणे, ही ती कामे होत. यांपैकी पहिली तीन कामे ग्रंथालयात बसून केव्हाही करता येतील. चौथ्याचे तसे नाही. ज्या मुलीने लहानपणी आईच्या मांडीवर डोके ठेवून जात्याची घरघर ऐकली आणि पुढे स्वतः खुंटा धरला, ती आज वृद्ध झाली आहे, आणि तिच्याकडे असलेले गळे तिच्या मुलीसुनांकडे गेलेले नाहीत. मराठवाड्यातील विद्यार्थ्याला तिच्याकडे जाण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. बहुधा स्वतःच्या गावीच जावे लागते.